पिवळ्या डोक्याचा काळा पक्षी, उरुग्वेत रोचाच्या दलदलीजवळ - सॅफ्रन-काउल्ड ब्लॅकबर्डच आहे का हा?

रानवारा
नमस्कार मंडळी, मी मूळचा पुण्याचा, सध्या कामानिमित्त मॉन्टेव्हिडिओत असतो. गेल्या वीकेंडला रोचा भागात गेलो होतो, म्हणजे उरुग्वेचा पूर्वेकडचा भाग, ब्राझीलच्या बॉर्डरकडे जाताना, सगळीकडे गुरांची कुरणं, भातशेती आणि मधे मधे दलदल. एका कच्च्या रस्त्याला तारेच्या कुंपणावर एक पक्षी बसलेला दिसला आणि मी गाडी थांबवूनच टाकली. डोकं, गळा, छाती, पोट सगळं झगझगीत पिवळं, पाठ, पंख आणि शेपटी काळीभोर, खांद्यावर परत पिवळा पट्टा. साळुंकीपेक्षा थोडा लहान असेल. थोड्या वेळाने लक्षात आलं की खाली आखूड गवतात अजून बरेच आहेत, त्यातले काही असेच पिवळे-काळे आणि काही मातकट पिवळे, ते चालत चालत काहीतरी टिपून खात होते.

अ‍ॅपला फोटो दाखवला तर दोन नावं आली, सॅफ्रन-काउल्ड ब्लॅकबर्ड आणि यलो-हूडेड ब्लॅकबर्ड. पहिला असेल तर तो संकटात असलेला पक्षी आहे असं वाचलं त्यामुळे उगाच घाईने चेकलिस्टमध्ये टाकायचं नाहीये, आधी खात्री करायचीय. फोटो लांबून काढलेत, रेकॉर्ड शॉट म्हणा, नुसते नोंदीपुरते. एकात तो उडताना पाठमोरा आलाय. आणि अजून एक, त्याच कुंपणाच्या खांबावर एक पांढराशुभ्र पक्षी होता, पंख आणि शेपटी काळी, तो पूर्ण वेळ तिथेच बसून होता. त्याचाही काही संबंध आहे का? दक्षिण अमेरिकेत पक्षी बघितलेले कोणी इथे असतील तर प्लीज सांगा.

सातभाई
रानवारा, अभिनंदन आधी! वर्णन वाचूनच ९० टक्के खात्री झाली होती, फोटो बघून उरलेले १० टक्के पण झाले. मी बरीच वर्षं ब्राझीलमध्ये आहे आणि हा पक्षी रिओ ग्रांदे दो सुलच्या उंच पठारावर, साओ फ्रान्सिस्को द पाउलाच्या बाजूला बघितलाय, तर सविस्तर लिहितो कारण इथे मराठीत याच्यावर कोणी लिहिलेलं मला तरी सापडलं नाही.

यलो-हूडेडचा विषय पहिल्यांदा संपवूया. तो उत्तरेचा पक्षी, कोलंबिया, व्हेनेझुएला, त्रिनिदाद, गयाना आणि अ‍ॅमेझॉनच्या काठाचा. उरुग्वेपासून हजारो किलोमीटर लांब. आणि नुसत्या जागेवर जायचं नसेल तरी पोट बघा, यलो-हूडेडचं पिवळं छातीपाशी थांबतं, पोट काळं असतं. तुमच्या पक्ष्याचं पोट पार शेपटीच्या मुळापर्यंत पिवळं आहे. त्यामुळे अ‍ॅपने दिलेलं दुसरं नाव विसरून जा.

आता तुमचा तो पाठमोरा उडतानाचा फोटो. तुम्ही त्याला रेकॉर्ड शॉट म्हणताय पण माझ्या मते सगळ्यात कामाचा फोटो तोच आहे, कारण त्यात रम्प दिसतोय, म्हणजे शेपटीच्या मुळाशी वरच्या बाजूला जो भाग असतो तो. सॅफ्रन-काउल्डच्या नरात काळी पाठ आणि काळी शेपटी यांच्या मधे लख्ख पिवळा रम्प असतो आणि उडताना तो लांबूनही चमकतो. त्या भागात अजून दोन पिवळे-तपकिरी मार्शबर्ड असतात ज्यांच्याशी लोक गल्लत करतात. एक ब्राउन-अँड-यलो मार्शबर्ड, रोचात तो भरपूर, डोकं आणि पाठ तपकिरी, पोट पिवळं, खांद्यावर थोडं पिवळं, पण रम्प तपकिरी. दुसरा यलो-रम्प्ड मार्शबर्ड, त्याचा रम्प पिवळा असतो पण डोकं आणि छाती गडद तपकिरी. दोघेही सॅफ्रन-काउल्डपेक्षा मोठे, अंगाने भरलेले. थोडक्यात डोकं पिवळं आणि रम्पही पिवळा असं दोन्ही एकाच पक्ष्यात दिसलं आणि पाठ काळी असली की तिथे दुसरा कोणी बसतच नाही.

जवळून बघायला मिळाला तर अजून एक गोष्ट बघा. नराचं सगळं डोकं पिवळं असलं तरी डोळा आणि चोच यांच्या मधला छोटासा भाग काळा असतो. चोच बारीक, टोकदार आणि काळी, त्यामुळे तो काळा डाग चोचीतच मिसळून जातो आणि चोच डोळ्यापर्यंत आल्यासारखी वाटते. तुमच्या पहिल्या फोटोत झूम केलं तर दिसतंय.

मातकट पिवळ्या माद्या आहेत. इथेच लोक चुकतात खरं तर, नर ओळखायला कोणालाच त्रास नाही, मादीला मात्र कोणी लक्ष देऊन बघत नाही आणि थवा मोजताना तिला सरळ दुसऱ्या जातीत टाकतात. मादीची पाठ ऑलिव्हकडे झुकणारी तपकिरी, भुवई पिवळी, गळा आणि पोट पिवळं, खांदा पिवळा आणि रम्प? तोही पिवळाच. रोचातल्या दलदलीत यलो-विंग्ड ब्लॅकबर्डच्या माद्या असतात, त्या रेघांच्या असतात, अंगभर तपकिरी रेघा आणि भुवई फिकट पांढरी. चेस्टनट-कॅप्डच्या माद्या पण असतात, त्या बऱ्यापैकी सपाट ऑलिव्ह-तपकिरी, अंगावर एवढं पिवळं कुठे नसतं. पुढे कधी पराना आणि पॅराग्वे नद्यांच्या बाजूला गेलात तर तिथे युनिकलर्ड ब्लॅकबर्डची मादी भेटेल, ती खालून चांगली पिवळी असते आणि तिथे खरंच गोंधळ होतो, पण तिच्या पंखांच्या पिसांना विटकरी तांबूस कडा असतात, त्या पकडायच्या.

पांढऱ्या पक्ष्याबद्दल नंतर लिहितो, तो वेगळाच आणि फार महत्त्वाचा विषय आहे.

हळद्या_सांगली
फोटो मस्तच! मला पहिल्या नजरेत आपला हळद्याच वाटला, मग पाठ काळी दिसली. हे हळद्याच्याच कुळातले का? आणि सातभाई, एवढा मोठा थवा एका ठिकाणी दिसतोय तर मग संकटात कसा काय? प्रश्न भाबडा असेल पण खरंच कळत नाहीये.

सातभाई
कुळ वेगळं. हळद्या जुन्या जगातल्या ओरिओलांचा, हा इक्टेरिडी कुळातला आणि ती सगळी मंडळी फक्त दोन्ही अमेरिकांत असतात. हळद्या झाडावरचा पक्षी, हा मात्र खाली उतरून जमिनीवर चालत चरणारा.

थव्याच्या प्रश्नावर तुती ताईंनी लिहावं अशी विनंती, त्यांनी अर्जेंटिनात यांच्या घरट्यांवर प्रत्यक्ष काम केलंय.

आता पांढरा पक्षी. तो ब्लॅक-अँड-व्हाइट मोंजिता, तोही संकटग्रस्त यादीत आहे. तिथे व्हाइट मोंजिता पण असतो पण त्याचा पंख बहुतेक पांढरा, फक्त पंखांची लांब पिसं आणि शेपटीचं टोक काळं. तुमच्या फोटोत अख्खा पंख आणि अख्खी शेपटी काळी आहे म्हणजे शंका नाही. आणि संबंध आहे का विचारलंत, तर आहेच! हे दोघं एकत्र हिंडतात. ब्लॅकबर्ड खाली गवतात मान घालून खात असतात तेव्हा त्यांना फार लांबचं दिसत नाही, मोंजिता मात्र खांबावर नाहीतर उंच झुडपाच्या शेंड्यावर बसून किडे शोधत असतो, म्हणजे नजर सगळीकडे. शिकारी पक्षी आला की तो आधी आवाज करतो आणि थवा उठतो. मी एकदा नीट लक्ष देऊन बघितलंय, मोंजिता कुंपणाच्या एका खांबावरून पुढच्या खांबावर गेला की खालचा थवाही हळूहळू त्याच दिशेने सरकत जातो. तिकडचे बर्डर म्हणून तर आधी मोंजिताच शोधतात, पांढरा ठिपका एक किलोमीटरवरून दिसतो, मग त्याच्या खालचं गवत स्कॅन करायचं.

तुती
नमस्कार. सातभाईंनी ओळखीचं सगळं छान लिहिलंय, मी बाकीचं लिहिते. हळद्या, प्रश्न अजिबात भाबडा नाहीये, मला वाटतं हाच खरा प्रश्न आहे.

हा पक्षी नेहमी थव्यातच राहतो आणि घरटीही एकत्र करतो, कॉलनी करून. त्यामुळे जिथे दिसतो तिथे पुष्कळ दिसतो आणि मग पुढे शंभर किलोमीटर तशीच कुरणं, तशीच दलदल आणि एकही नाही. एक थवा म्हणजे त्या सगळ्या भागातले जवळपास सगळेच असू शकतात. एका कॉलनीची जागा गेली की एका झटक्यात अख्ख्या तालुक्याएवढ्या भागातली वीण गेली, हे मी डोळ्यांनी बघितलंय आणि ते फार वाईट असतं. १९व्या शतकात हा ब्यूनोस आयर्स प्रांतात होता, आता तिथून गेला. आज अर्जेंटिनात एन्त्रे रिओस आणि कोरिएन्तेस या दोनच प्रांतांत उरलाय, बाकी उरुग्वे, दक्षिण ब्राझील आणि पॅराग्वेचा आग्नेय कोपरा.

दलदलीचा पक्षी म्हणतो आपण पण त्याला एकट्या दलदलीवर भागत नाही. घरटं दलदलीत किंवा ओलसर खोलगट जागी, उंच काटेरी झुडपांत, आणि खाणं आजूबाजूच्या आखूड गवतात, गुरं चरलेल्या कुरणात नाहीतर नुकत्याच नांगरलेल्या शेतात. दोन्ही एकमेकांच्या जवळ पाहिजेत. दलदल राखली आणि बाजूच्या कुरणात सोयाबीन नाहीतर निलगिरी लावली तरी तो गेला, कुरण ठेवलं आणि चर खणून दलदल कोरडी केली तरी गेला. आणि नेमकं हेच दोन्ही चाललंय. उरुग्वेत १९८७ मध्ये वनीकरणाचा कायदा झाला, सवलती मिळाल्या आणि निलगिरी-पाइनची लागवड वाढत वाढत १० लाख हेक्टरच्या पुढे गेली, त्यातली बरीचशी आधी गवताळ माळच होती. कोरिएन्तेसच्या ईशान्येला, गोबेर्नादोर विरासोरो गावाच्या बाजूलाही तेच, मैलोन् मैल पाइन. बाहेरून हिरवंगार दिसतं आणि लोकांना वाटतं छान जंगल झालं. या पक्ष्याला तिथे पाय टेकायला जागा नाही.

घरटं कसं असतं ते सांगते. तिकडे काराग्वाता म्हणून एक झाड आहे, केतकीसारखी लांब काटेरी पानं जमिनीतून फुटलेली, ओलीच्या जागी दाट वाढतं. त्यात गुडघ्या-मांडीच्या उंचीवर गवताची विणलेली खोलगट वाटी, आत फिकट रंगाची ठिपकेदार अंडी. पान बाजूला केल्याशिवाय दिसत नाही आणि पान बाजूला करताना हात सोलून निघतो. कधी काटेरी थिसलच्या रानातही करतात, ती तण म्हणून फवारून मारली जाते किंवा गुरं तुडवतात. ऑक्टोबर ते डिसेंबर हा मुख्य हंगाम, म्हणजे रानवारा तुम्ही बघितलंत ते ऐन विणीच्या दिवसांत.

त्यात पिंजऱ्याचा धंदा वेगळाच. एवढा देखणा नर, त्याला पकडून विकणारे आहेतच. सायटीस, म्हणजे वन्यजीवांच्या व्यापारावरचा आंतरराष्ट्रीय करार, त्याच्या परिशिष्ट १ मध्ये आहे हा, आंतरराष्ट्रीय व्यापाराला बंदी, तरी स्थानिक पातळीवर पकडणं थांबलेलं नाही. आणि कॉलनीची जागा कळली की पकडणाऱ्याचं काम फारच सोपं होतं.

रानवारा
सातभाई, तुती ताई, तुम्हा दोघांचे किती आभार मानू, दोनदा वाचलं सगळं. पाठमोरा फोटो मी डिलीटच करणार होतो खरं तर, आता परत उघडून बघितला, रम्प पिवळाधमक आहे.

आता दोन गोष्टी. एक म्हणजे ते चरून झालं की चार-पाच जण सारखे रस्त्याच्या पलीकडच्या खोलगट भागात जायचे, तिथे तुम्ही म्हणताय तशीच काटेरी पानं होती दाट. चोचीत काहीतरी घेऊन जाताना एक मादी दिसली. म्हणजे कॉलनी असणार ना? आणि तिथेच एका उंच झुडपावर एक साधा करडा-तपकिरी पक्षी गप्प बसलेला होता, अंगावर काहीच खूण नाही, बराच वेळ हललाच नाही, खालच्या झाडीकडे बघत होता. फोटो जोडतोय, हा कोण?

दुसरं म्हणजे इथल्या एका फेसबुक ग्रुपवर लोकेशन टाकावं का? बरेच लोक विचारतायत.

सातभाई
लोकेशन नको, कृपा करून नको. चोचीत खाद्य घेऊन मादी खाली उतरतेय म्हणजे पिल्लं आहेत. तुम्ही फक्त रोचा विभाग एवढंच लिहा, नेमका रस्ता, किलोमीटरचा दगड, मॅपची पिन काही देऊ नका, आणि फोटोत गेट किंवा इस्टेटची पाटी आली असेल तर तेवढा भाग कापा. आयनॅचरलिस्टवर (निसर्गातल्या नोंदी टाकायची वेबसाइट) टाकलंत तर संकटातल्या जातींचं नेमकं ठिकाण ते आपोआप झाकतात, पण फोटोखाली तुम्हीच वर्णनात लिहिलंत तर त्याचा उपयोग नाही. नोंद मात्र नक्की करा, नर किती, मादी किती, पिल्लांना भरवणं दिसलं हे सगळं लिहून. उरुग्वेच्या पक्षीसंस्थेला खाजगीत कळवा, त्यांना ही माहिती खूप उपयोगी पडेल.

तो करडा पक्षी शायनी काउबर्डची मादी. चोच आखूड आणि शंकूसारखी, बाकी खरंच खूण नसते. ती काय करत होती ते तुती ताई जास्त चांगलं सांगतील, पण चांगली बातमी नाही.

तुती
हो, ती घरटी शोधत होती. आपल्याकडची कोकिळा कावळ्याच्या घरट्यात अंडी घालते तसंच, फक्त शायनी काउबर्ड एका यजमानावर अडून नाही, शेकडो जातींच्या घरट्यांत घालते. उंचावर गप्प बसायचं, कोण चोचीत काडी किंवा खाद्य घेऊन कुठे उतरतंय ते बघायचं आणि संधी मिळाली की घुसायचं. नुसतं अंडं घालून थांबत नाही, आधीच्या अंड्यांना चोच मारून भोकं पाडते. आम्हाला अशी भोकं पडलेली अंडी मिळायची, बारीक टोचल्यासारखं भोक आणि आतलं सगळं वाटीत सुकून चिकटलेलं, घरटं सोडून दिलेलं. काउबर्ड तिथलाच पक्षी आहे, त्याचा दोष नाही, पण गुरं आणि शेती वाढली तसा तो प्रचंड वाढला आणि यांच्या कॉलन्या मोजक्या राहिल्या.

अर्जेंटिनात आवेस अर्जेंतिनास ही संस्था यांच्यासाठी खास प्रकल्प चालवते. विणीच्या दिवसांत कॉलनीजवळ माणसं मुक्काम करून राहतात, घरट्यांवर लक्ष ठेवतात, गुरं आत येऊ नयेत म्हणून कुंपण घालतात, आणि सगळ्यात मोठं काम म्हणजे जमीनमालकाशी बोलणं. कारण जवळपास सगळ्या कॉलन्या खाजगी जमिनीत आहेत. मालकाला बहुतेक वेळा माहीतच नसतं की त्याच्या कुरणाच्या कोपऱ्यात काय आहे. एकदा नेऊन दाखवलं, नर उन्हात उडाला की बोलायचं फारसं उरत नाही, बरेचसे लोक महिनाभर तो कोपरा तसाच ठेवायला तयार होतात. फवारणी पुढे ढकलली, गुरं दुसऱ्या भागात नेली, एवढ्याने एक हंगाम वाचतो.

माळावरचा_वाटसरू
मी नान्नजच्या जवळचा, सोलापूर. हे सगळं वाचताना सारखं आपलं माळरान डोळ्यापुढे येत होतं. आपल्याकडेही गवताळ माळ म्हटलं की सरकारी कागदावर पडीक जमीन आणि मग तिथे झाडं लावा. माळढोक कुठून कुठे गेला ते सगळ्यांनी बघितलं. तुती ताई एक विचारायचंय, तिकडे गुरं चरणं हे पक्ष्याला चांगलं की वाईट? तुम्ही कुरणात चरतो म्हणालात आणि गुरं घरटी तुडवतात असंही म्हणालात.

तुती
दोन्ही खरं आहे आणि सगळं किती आणि कधी यावर आहे. त्या भागातल्या गवताला जवळपास चारशे वर्षं गुरं चरतायत, अगदीच चराई बंद केली तर गवत उंच आणि दाट होतं आणि याला जमिनीवर चालता येत नाही. पण विणीच्या काळात ओलीच्या जागेत गुरं सोडली किंवा एका कुरणात फार गुरं घातली तर काराग्वाता आणि घरटी दोन्ही संपतात. म्हणून तिकडे आलियान्सा देल पास्तिसाल म्हणून २००६ पासून चळवळ चालू आहे, अर्जेंटिना, ब्राझील, उरुग्वे आणि पॅराग्वे चारही देशांत, गुरं पाळणाऱ्यांनी नैसर्गिक गवत नांगरायचं नाही, त्यावरच चराई नीट फिरती ठेवायची आणि त्या बदल्यात मांस वेगळं प्रमाणित करून विकायचं. पशुपालक टिकला तर माळ टिकतो, तो परवडेना म्हणून विकून गेला की पुढचा घेणारा सोयाबीन किंवा निलगिरीच लावतो. त्यामुळे माझं मत विचाराल तर तिकडे गुराखी हा या पक्ष्याचा शत्रू नाही, उलट तोच सगळ्यात जवळचा माणूस आहे. २०२२ च्या सुरुवातीला कोरिएन्तेसमध्ये दुष्काळात जे वणवे लागले त्यात इबेराच्या दलदलीचाही मोठा भाग जळला, तेव्हा आग विझवायला पुढे उभे होते त्यातही हेच लोक होते.

रानवारा
लोकेशन टाकत नाहीये कुठेच, ग्रुपवर नाही म्हणून सांगितलं. संस्थेला मेल केला, नर-मादीची संख्या आणि फोटो जोडून. त्या जागेचा मालक कोण ते माहीत नाही पण रस्त्यालगत एक घर आहे, पुढच्या वेळी तिथे विचारतो. स्पॅनिश जेमतेम आहे माझं, पक्ष्याचं स्थानिक नाव काय सांगायचं म्हणजे त्यांना पटकन कळेल?

तुती
उरुग्वेत द्रागोन म्हणा, गावाकडच्या जुन्या माणसांना लगेच कळतं. अर्जेंटिनात गेलात तर तोर्दो आमारिशो आणि ब्राझीलच्या बाजूला वेस्ती-अमारेला. घरी जाल तेव्हा फोटो मोबाईलवर मोठा करून न्या, उडतानाचा न्या तो. आणि कॉलनीत आत उतरू नका, रस्त्यावरूनच बघा, आपण पायवाट पाडली की त्याच वाटेने कोल्हा जातो. जानेवारीनंतर पिल्लं उडाली की ते जागा सोडतात आणि कापणी झालेल्या शेतांत मोठे थवे करून फिरतात, तेव्हा तिथे नाही दिसले तर घाबरू नका, आजूबाजूच्या दहा-वीस किलोमीटरमधली कापलेली शेतं आणि कुरणं शोधा.

सातभाई
आणि आधी मोंजिता शोधा. तेव्हा सोबत ब्राउन-अँड-यलो मार्शबर्डही मिसळलेले असतील, म्हणून प्रत्येक पक्षी उडताना रम्प बघूनच मोजा. त्या माद्यांचे अजून फोटो असतील तर इथे टाका, त्यात एक डावीकडची मला जरा जास्त रेघांची वाटतेय, ती यलो-विंग्डची मादी तर नाही ना ते बघूया.